दोन इंजिनांतून एक: आरएक्स १००

किकर (धागाकर्ता)

मंडळी, गाडी यामाहाची आरएक्स १००, जुनी टू-स्ट्रोक. इंजिनं दोन आहेत आणि चालू एकही नाही, म्हणून हा धागा.

पहिलं गाडीवरचं. गेल्या महिन्यात चढावर फुल थ्रॉटलला असताना मागचं चाक एकदम लॉक झालं. हात आपोआप क्लचवर गेला म्हणून वाचलो. वीस मिनिटांनी किक फिरली, गाडी सुरूही झाली, पण खालून टक-टक आणि पिकअप नावापुरता. दुसरा गिअर तर आधीपासूनच उडायचा. खोलल्यावर ब्लॉकमध्ये (सिलिंडरमध्ये) एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे दिसले. त्याच बाजूला पिस्टनच्या अंगावर अॅल्युमिनियम घासून चोपडं झालंय. उजव्या चेंबरला (इंजिनाच्या खालच्या खोक्याचा उजवा अर्धा) ड्रेन बोल्टचे आटे गेलेत, मागच्या मालकाने तिथे कसलीशी लांबी (पुट्टी) थापून ठेवलीय.

दुसरं इंजिन पोत्यातून आलं. प्लग नाही, कार्बोरेटर नाही, पिस्टन वरच्या टोकाला गंजून घट्ट. कधीतरी चेन तुटून पुढच्या स्प्रॉकेटमागे गोळा झाली असणार, कारण डाव्या चेंबरचा तिथला तुकडाच उडालाय. उजवं कव्हर काढलं तर मात्र आत क्लच स्वच्छ, तेल अजून ओलं.

विचार असा आहे: डावं चेंबर पहिल्याचं, उजवं दुसऱ्याचं. क्रँक, गिअर, ब्लॉक, पिस्टन यातलं जे जे बरं निघेल ते घ्यायचं. मॉडेल एकच, बसायला हरकत नसावी. सुरुवात कुठून करू?

तेलकट_बोटं

वाचतोय. चेंबर मिक्स केलं तरी चालतं राव. मी एकदा केलंय. बोल्ट लागले, इंजिन फिरलं, गाडी विकली.

लेथवरचा

"गाडी विकली" यातच उत्तर आलं.

किकर, ते चेंबर विसर. डावं आणि उजवं जोडून, बोल्ट आवळून, मग एका सेटिंगमध्ये बेअरिंगची घरं कापतात. त्यामुळे समोरासमोरची दोन घरं एका रेषेत येतात. ती रेष त्या जोडीची. दुसऱ्या जोडीतलं उजवं लावलंस तर डॉवेल बसतील, बोल्टही लागतील, पण क्रँकच्या दोन टोकांमधली रेष पाचपन्नास मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकलेली असेल. डोळ्याला दिसणार नाही. बेअरिंगला रोज दिसेल. गिअरच्या शाफ्टांचंही तेच.

आणि इंजिन नंबर चेंबरवर ठोकलेला असतो. गाडीच्या कागदांवर तोच नंबर आहे. पहिल्याची दोन्ही चेंबरं ठेव. ड्रेनचे आटे ही काय अडचण आहे का? भोक मोठं करून हेलिकॉइल (तारेचे तयार आटे) बसव, मूळचाच बोल्ट लागेल.

पण त्याच्याही आधी एक सांग. पहिलं इंजिन मेलं कशानं?

किकर

काका, जाम झालं म्हणून.

लेथवरचा

ते कसं मेलं ते झालं. मी कशानं विचारतोय. तेल कमी पडलं, हवा जास्त गेली, ठिणगीचं टायमिंग पुढे होतं की जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) तुंबला? ते कळल्याशिवाय नवा पिस्टन घालशील तर तोही त्याच चढावर त्याच जागी जाम होईल.

सहज_डोकावलो

नवखा आहे, हसू नका. चेंबर म्हणजे क्रँककेस ना? मग तिथे हवा जाण्याचा काय संबंध? हवा तर कार्बोरेटरमधून जाते.

रीडवाली

हसत नाही, सगळा धागा याच प्रश्नावर उभा आहे.

फोर-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये तेल असतं. टू-स्ट्रोकची क्रँककेस हा पंप असतो. पिस्टन वर जाताना खाली पोकळी तयार होते आणि रीडमधून (एकाच बाजूला उघडणाऱ्या पातळ पाकळ्यांमधून) पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून वर जातं. आता क्रँकच्या दोन टोकांना ऑइल सील असतात. मॅग्नेटच्या, म्हणजे डाव्या बाजूचा सील फाटला तर तिथून कोरडी हवा आत येते. मिश्रण पातळ, पिस्टन गरम, इंजिन जाम. क्लचच्या बाजूचा फाटला तर गिअरचं तेल आत ओढलं जातं. मग पांढरा धूर, आणि गिअरबॉक्समधलं तेल गळती नसताना कमी होत जातं.

म्हणून काकांचा प्रश्न बरोबर आहे. किकर, डावा सील काढण्याआधी नखाने दाबून बघ. मऊ आहे की बांगडीसारखा कडक?

अवांतर: पिस्टनचा माथा सपाट असूनही आत येणारं मिश्रण सरळ एक्झॉस्टमधून निघून जात नाही, याचं श्रेय श्नुर्लेला. १९२० च्या दशकातला जर्मन इंजिनिअर. त्याने ट्रान्सफर पोर्ट असे तिरके केले की मिश्रण मागच्या भिंतीवर जाऊन वर वळतं. हे तंत्र डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीने मोटरसायकलींत आणलं. त्यांच्या आरटी १२५ वरून ब्रिटनच्या बीएसएची बँटम निघाली आणि यामाहाची पहिली मोटरसायकल, १९५५ ची वायए-१ सुद्धा. तुझी आरएक्स त्याच खानदानातली.

किकर

सील कडक आहे, पण फाटलेला नाही. टायमिंगची खूण जागेवर होती. जेट साफ होता. म्हणजे अजून अंधारच.

आता स्पेअरचा जाम पिस्टन. मॅग्नेटच्या नटावर लांब पाना लावून जोर दिला, ढिम्म. हातोडी घेऊ का?

लेथवरचा

घे आणि दूर ठेवून ये. नटावर जोर देशील तर क्रँकची पिन पिळवटेल. ती दाबून बसवलेली असते, वेल्ड केलेली नसते. वरून लोखंडी सळईने मारशील तर पिस्टनच्या माथ्यात भोक. हेड काढ, पिस्टनवर डिझेल ओतून चार-पाच दिवस विसरून जा. रोज थोडं भरत राहा. मग पिस्टनच्या मापाचा लाकडी ठोकळा ठेवून वरून हलके ठोके. हलके, पण पुष्कळ.

तेलकट_बोटं

नाहीच सुटला तर ग्रीस गन. हेड परत आवळायचं, प्लगच्या भोकात निपल बसवायचं आणि ग्रीस भरत राहायचं. पिस्टन वरच्या टोकाला असल्याने सगळे पोर्ट त्याने झाकलेत, ग्रीसला पळायला जागा नाही. हातोडीचा दणका नाही, सगळीकडून सारखा दाब. एक्झॉस्ट पोर्ट उघडला की ग्रीस तिथून बाहेर येतं, पण तोवर पिस्टन सुटलेला असतो. नंतर दोन दिवस ग्रीस पुसत बसायचं, तेवढी तयारी ठेव.

(चेंबरबद्दल काकांचं मान्य. गाडी विकल्यावर त्या माणसाने माझा फोन उचलणं बंद केलं, हे सांगायचं राहिलं होतं.)

किकर

सहाव्या दिवशी डिझेल आणि ठोकळ्यावर सुटला! ग्रीसची वेळ आली नाही.

ब्लॉक वर उचलला आणि खाली बघतो तर क्रँक चकचकीत. वरती एवढा गंज आणि खाली काहीच नाही, हे कसं काय?

रीडवाली

पाणी प्लगच्या भोकातून आलं आणि पिस्टनच्या माथ्यावर साचलं. पिस्टन वर अडकल्याने ट्रान्सफर पोर्ट बंद, आणि कार्बोरेटर नसला तरी इंजिन बंद असताना रीडच्या पाकळ्या मिटलेल्या असतात. खाली ओल जायला वाटच उरली नाही. नशीबवान आहेस.

त्या पाकळ्या काढून उजेडासमोर धर. कडेने प्रकाशाची जाड रेघ दिसली किंवा टोकाचा टवका उडालेला असला तर नव्या घाल. उडालेला टवका कुठे गेला हेही शोध.

लेथवरचा

चकचकीत दिसण्यावर जाऊ नको. क्रँक बाहेर काढल्यावर आधी केरोसीनमध्ये बुचकळून मोठ्या टोकाचं बेअरिंग धू. वाळव, पातळ तेलाचे दोन थेंब सोड आणि रॉड बोटाने सावकाश फिरव. वाळूसारखी कुरकुर लागली तर क्रँक भंगारात. नंतर रॉड धरून सरळ वर-खाली ओढ. तिथे खेळ शून्य हवा, जरासुद्धा नको. आडवा हलेल, तो हलायलाच हवा. नवखे लोक आडवा खेळ बघून चांगला क्रँक टाकून देतात आणि उभा खेळ असलेला ठेवतात.

मग दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून टोकांना डायल (वाकडेपणा मोजणारा काटा) लाव. मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असते. मी ३० मायक्रॉनच्या वर असेल तर प्रेसवर सरळ करून घेतो.

किकर

दोन्ही क्रँक तपासले. पहिल्याचा रॉड वर-खाली चक्क टकटकतो, तोच तो आवाज. स्पेअरचा गुळगुळीत, उभा खेळ नाही, डायल २० मायक्रॉन. म्हणजे क्रँक स्पेअरचा. मेन बेअरिंग आणि सील सगळे नवे घेतोय.

आता गिअर. उडतो तो दुसरा, मग स्पेअरचा फक्त दुसरा गिअर काढून पहिल्याच्या शाफ्टवर घालू ना?

तेलकट_बोटं

नाय नाय नाय. गिअर उडतो तो दात झिजल्याने नाही, बाजूच्या डॉगच्या (शेजारच्या गिअरमध्ये अडकणाऱ्या दांड्यांच्या) कडा गोल झाल्याने. डॉग ज्या भोकात शिरतो ते शेजारच्या गिअरवर असतं, तेही झिजलेलं असणार. आणि त्यांना ढकलणारा फोर्क कडेने खाल्लेला असणार. एक बदलशील तर दोन जुने मिळून नव्याला बिघडवतील. दोन्ही शाफ्ट, फोर्क, ड्रम असा पूर्ण संसार स्पेअरमधून उचल. चारच गिअर आहेत, सगळं ओंजळीत मावतं. शिम (पातळ वॉशर) जिथे होत्या तिथेच ठेव. काढतानाच शाफ्टवरून सरळ तारेत ओवून घे, म्हणजे क्रम चुकत नाही.

किकर

ओवून घेतलं. तरीही शेवटी वर्तमानपत्रावर एक पातळ वॉशर उरला. रात्री अकरा वाजता.

तेलकट_बोटं

प्रत्येक इंजिन एक वॉशर उरवतंच. गंमत सोड, चेंबर बंद करू नकोस. तारेवरची रांग परत मोज.

किकर

सापडला. पहिल्या इंजिनाच्या किक शाफ्टचा होता. दोन्ही इंजिनं एकाच टेबलावर खोलण्याचं फळ. आता पहिल्याचं सगळं निळ्या बादलीत, स्पेअरचं लालमध्ये.

ब्लॉकचं कोडं मात्र सुटत नाहीये. पहिल्यावर ओरखडे, स्पेअरचा वरून गंजाने खड्डे पडलेला. पहिल्याच्या पिस्टनवर ५१.०० लिहिलंय, स्पेअरच्या पिस्टनवर काहीच नाही.

लेथवरचा

कोडं कसलं, तूच उत्तर लिहिलंयस. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी. ५१.०० म्हणजे त्या ब्लॉकचं आयुष्य रिबोअर होत-होत संपत आलंय. आकडा नाही म्हणजे बहुधा स्टँडर्ड, तरी माप घेऊन खात्री कर. स्पेअरचा ब्लॉक घे. खड्डे ०.२५ मध्ये जातात का बघ, नाहीतर सरळ ०.५० चा पिस्टन.

क्रम लक्षात ठेव. आधी पिस्टन हातात आण, मग त्या पिस्टनचं माप घेऊन बोअर करायला दे. डब्यावर ५०.५० लिहिलंय म्हणून बोअर ५०.५० करणारा माणूस भेटला तर ब्लॉक उचल आणि घरी ये. पिस्टन खाली स्कर्टवर, गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) काटकोनात मोजायचा. तिथे तो सर्वांत रुंद असतो. बोअर वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. बिडाची स्लीव्ह आणि हवेवर थंड होणारं एवढं लहान इंजिन असेल तर मी ४० मायक्रॉनच्या आसपास फरक ठेवतो. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर माझा सोड, तो धर.

बोअर झाल्यावर पोर्टच्या कडांवरून बोट फिरव. धार लागली तर ती मारून घे. त्या धारेत रिंग अडकते. हे काम निम्मे लोक विसरतात आणि मग रिंगला शिव्या देतात.

सहज_डोकावलो

४० मायक्रॉन म्हणजे केसाएवढं तरी असतं का?

लेथवरचा

बारीक केसाहून कमी. तेवढ्यात ते जगतं किंवा मरतं.

किकर

०.५० चा पिस्टन आला, बोअर झाला, धारा मारल्या. रिंग पिस्टनच्याच माथ्याने बोअरमध्ये सरळ ढकलून फिलर गेजने तोंड मोजलं, मापात आहे. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगची तोंडं खाचेतल्या पिनवर. गजन पिनचे लॉक नवे. बसवताना चेंबरच्या तोंडात फडकं कोंबलं होतं, आणि बरं झालं, एक लॉक टण्णकन उडून थेट फडक्यात पडला.

चेंबर गरम करून बेअरिंग घातले. बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये होते, चेंबर एवढं तापवलं की पाण्याचा थेंब टाकला तर लगेच चर्र व्हावा. बेअरिंग आपल्या वजनानेच आत गेले. असं समाधान मला नोकरीत कधी मिळालं नाही.

उद्या सुरू करतो!

रीडवाली

थांब, सुरू करण्याआधी प्रेशर टेस्ट कर ना. अर्ध्या तासाचं काम आहे.

किकर

काल रात्रीच सुरू केली हो, राहवलं नाही. तिसऱ्या किकला आवाज आला. पण आयडल ठरत नाही. थ्रॉटल सोडला तरी आवाज वरच लटकतो, मग सावकाश खाली येतो, मग बंद. कार्बोरेटर दोनदा उघडला. मिश्रणाचा स्क्रू फिरवून-फिरवून त्याची खाच झिजली. काहीच फरक नाही.

लेथवरचा

बंद कर. परत किक मारू नको. कुठूनतरी हवा ओढतंय.

रीडवाली

कार्बोरेटरला हात लावू नकोस आता. घरात पंपाचं, काट्याचं बीपी मशीन आहे? त्याचा फुगा आणि काटा काढ. सायलेन्सर उतरव, एक्झॉस्टचं तोंड जुन्या ट्यूबचा तुकडा आणि पट्टी लावून बंद कर. इनटेकमध्ये रबरी बूच घाल, त्यातून नळी आत ने. इंजिनात टू-टी तेल सोडणाऱ्या ऑइल पंपाची बारीक नळी चिमट्याने दाब. पिस्टन खालच्या टोकाला, प्लग घट्ट. आता फुगा दाबून काटा २५० वर ने. ते पाच पीएसआयच्या जरा खाली आहे, सीलला पुरे. जास्त दाबू नको. पाच मिनिटं काटा जवळपास तिथेच राहिला पाहिजे. पडला तर साबणाचं पाणी घेऊन फेस शोध: बेसचं पॅकिंग, हेड, चेंबरची जोडरेषा, मॅग्नेटच्या मागे. गिअरबॉक्सच्या ब्रीदरवर बुडबुडे आले तर समज, उजवा सील गेला.

किकर

अर्ध्या मिनिटात काटा २५० वरून ९० वर. मॅग्नेट काढून साबण लावला तर डाव्या सीलच्या कडेला एका जागी फुरफुर फेस. सील नवा कोरा आहे हो!

लेथवरचा

क्रँकवर मॅग्नेटच्या चावीची खाच असते. तिच्या कडा धारदार असतात. सील त्यावरून सरकवताना काय गुंडाळलं होतंस?

किकर

...काहीच नाही.

लेथवरचा

मग ओठ कापला गेलाय. नवा सील आण. शाफ्टला पातळ प्लास्टिकची पट्टी किंवा टेप गुंडाळ, ओठाला ग्रीस लाव, सरळ आत ढकल, मग पट्टी ओढून घे. तिरका जाऊ देऊ नको.

माझ्या हातून असे तीन गेलेत. चौथ्यापासून टेप लावायला लागलो.

किकर

सील नशिबाने बाहेरूनच निघाला, चेंबर खोलावं लागलं नाही. टेप लावून नवा बसवला. आता २५० वरून पाच मिनिटांत २४२. आयडल एका जागी उभं आहे, थ्रॉटल सोडला की लगेच खाली येतं.

आणि काका, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. ऑइल पंपातली हवा काढताना मॅन्युअलमध्ये लिहिलेली पंपाच्या पुलीची खूण जुळवायला गेलो, तर ती जुळेचना. पंपाची केबल ढिली होती. थ्रॉटल पूर्ण उघडला तरी पुली अर्ध्यावरच. म्हणजे चढावर, फुल थ्रॉटलला, जेव्हा सर्वांत जास्त तेल हवं तेव्हाच पंप हात आखडता घेत होता. ही केबल, हा पंप पहिल्याच इंजिनाचा. ते दोन्ही मी जसंच्या तसं नव्या इंजिनाला जोडणार होतो.

तेलकट_बोटं

बापरे. म्हणजे टेबलावर एवढं सगळं बदललं आणि खरा आरोपी गाडीवरच बसून होता.

रीडवाली

केबल नीट केलीस तरी पहिल्या टाकीला पंपावर विश्वास ठेवू नको. पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) तेल वरून घाल. थोडा धूर होईल, प्लग काळपट होईल, होऊ दे. पंपाच्या नळीत एकही बुडबुडा दिसत नाही आणि डब्यातलं तेल खरंच उतरतंय, हे बघितल्यावरच साधं पेट्रोल.

सहज_डोकावलो

रनिंग-इन म्हणजे ४० च्या वेगाने हजार किलोमीटर सरळ चालवत राहायचं ना?

तेलकट_बोटं

एकाच वेगाने मुळीच नाही. पहिल्यांदा दोन-तीन वेळा नुसतं सुरू करून गरम होऊ द्यायचं आणि पूर्ण थंड करायचं. मग वर-खाली, वर-खाली चालवायचं, चढावर रेमटवायचं नाही, फुल थ्रॉटल नाही. आणि लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्ये सोडू नये. थ्रॉटल बंद तर पेट्रोल बंद, मिसळलेलं तेलही बंद, पण पिस्टन मात्र पळतोय. मधूनमधून थोडा उघडत राहायचा.

किकर

चारशे किलोमीटर झाले. दुसरा गिअर उडत नाही. खालून आवाज नाही. प्लग काढून बघितला, विटकरी तपकिरी. गिअरबॉक्सचं तेल होतं तेवढंच आहे आणि हेलिकॉइलवाला ड्रेन बोल्ट कोरडा.

उरलेल्यांपैकी स्पेअरचं उजवं चेंबर, क्लचचं हाऊसिंग आणि किक शाफ्ट लाल बादलीत ठेवलंय. कुणाला हवं तर सांगा. चेंबर मात्र एकटं देणार नाही, फुटक्या डाव्यासकट घ्यावं लागेल.

लेथवरचा

शिकलास. हेडचे नट परत आवळलेस का? इंजिन पूर्ण थंड असताना, रात्रभर उभं राहिल्यावर. गरमवर पाना लावू नको.

किकर

आज सकाळी आवळले. चारपैकी दोन पाव-पाव फेरी फिरले.